ताईची तक्रारवही

ताईचा फोन काढून नेला तो मंगळवारी, सकाळी साडेनऊला, ती आंघोळीला गेलेली असताना. समोरासमोर न्यायची छाती नव्हती ना! ती केस पुसत खोलीत आली, तर खिडकीच्या फळीवर फोनच्या जागी धुळीची चौकट तेवढी शिल्लक, आणि भिंतीतून त्याच्या बैठ्या यंत्राच्या वायरचं तुटकं टोक लोंबतंय. कात्रीने कापली होती. जी बाई छत्तीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार विभागात बसली, जिला रिसीव्हर कानाला लावल्या लावल्या कळायचं की केबलमध्ये पाणी शिरलंय की जोड सुटलाय, तिच्या खोलीतली वायर कात्रीने कापायची! निदान पेचकस तरी घ्यायचा. खात्यात तिचे कान एवढे तिखट होते की बाकीचे तिला कानबाईच म्हणायचे.

"छोट्या!" तिने हाक मारली. छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वय वर्षं बावन्न, टक्कल पडलेलं.

भाऊ आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"ताई, चिडू नकोस. तुझ्या त्या बिनवायरच्या डबड्यामुळे घरातलं वायफाय बंद पडतं. दोन्ही हवेतूनच चालतं ना, एकमेकांच्या अंगावर जातं. माझी नोकरी घरून आहे. विम्याचे दावे तपासताना मधेच नेट गेलं की साहेब मला फाडून खातो."

"अरे, माझा फोन जुना आहे. त्याची लहर वेगळी, वायफायची वेगळी. एकमेकांच्या वाटेतच येत नाहीत ते. मला विचारायचं तरी!"

"वन्सं," स्वयंपाकघरातून भावजय म्हणाली, "निवृत्त झालात ना आता? मग राहू द्या की त्या दुरुस्त्या."

ताईने केस पुसायचा पंचा खांद्यावर टाकला. तो फोन तिला विभागातल्या बायकांनी निरोपाला दिला होता. त्यावरून ती रोज चार वाजता ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या जुन्या मैत्रिणीशी बोलायची. मैत्रिणीचे गुडघे गेलेले, ती घराबाहेर पडत नसे. आज चार वाजता ती बिचारी वाट बघत बसणार. पण ताईला त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. घर वडिलांचं, दोघांच्या नावावर निम्मं निम्मं. मागची खोली, अंगणात उघडणारं दार आणि दारातली दगडी पायरी, हे ताईचं राज्य. आणि गेले काही महिने भाऊ टेकडीवरच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटचे नकाशे आणून जेवणाच्या टेबलावर पसरत होता. दोन खोल्या, एक हॉल. "यात मी कुठे?" असं ताईने एकदा विचारलं, तर म्हणाला, "अगं, नुसतं बघतोय." आधी खोलीतला फोन गेला. मग खोली जायला कितीसा वेळ लागतो, तुम्हीच सांगा.

तर फोन गेला, पण रोग काही गेला नाही! दुसऱ्याच दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, भावजयीची मालिका टॅबवर अडकली. नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ताईला इतका आनंद झाला की ती स्वतःच्या खोलीत जाऊन एकटीच हसली.

मग तिने ट्रंकेतून एक कोरी वही काढली आणि पट्टीने रेघा मारल्या. वेळ, लक्षण, त्या वेळी घरात काय चालू होतं, कारण. शेवटचा रकाना 'तक्रार बंद' असा. खात्याचा नियम होता की तो रकाना दुरुस्ती करणाऱ्याने भरायचाच नाही. ज्याची तक्रार, त्याने स्वतःच्या तोंडाने "हो, आता स्वच्छ ऐकू येतंय" म्हटलं, तरच बंद. साहेब ओरडले, दिवस उलटला, तरी तोवर ती उघडीच. या नियमापायी ताईची बढती दोनदा हुकली होती आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

पहिला संशय ओव्हनवर. तिने ओव्हन लावून बघितला. मालिका सुखाने चालली. मग शेजाऱ्यांच्या वायफायवर. ते लोक आठवडाभर बाहेरगावी गेले, तरी इकडचं नेट जायचं तेव्हा गेलंच. मग राउटरच खराब म्हणावं, तर तो सकाळी चांगला, संध्याकाळी चांगला. बारा दिवसांच्या नोंदी झाल्यावर ताईने वही उशीवर उघडून ठेवली आणि चष्मा पुसला. दिवसातून दोनदा. सकाळी अकरा-वीसला, दुपारी तीन-दहाला. पंधरा-वीस मिनिटं. रविवारी एकदाही नाही.

यंत्र बिघडलं तर ते रविवारची सुट्टी घेत नाही. सुट्टी माणूस घेतो.

सोमवारी तीनला ती मधल्या बोळात जुने कपडे चाळायच्या निमित्ताने बसली. तीन-आठला भाऊ उठला, घसा खाकरला, कोठीच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. तीन-दहाला भावजयीच्या टॅबवरची मालिका थांबली. ताईने वर बघितलं. बोळाच्या माळ्यावर राउटर होता, त्याचे दिवे लुकलुकत होते, आणि त्याच्या मागे, जुन्या गोधडीच्या घडीखाली, आणखी एक हिरवा दिवा. संध्याकाळी दोघं भाजी आणायला गेल्यावर ती स्टुलावर चढली. गोधडीखाली नवाकोरा बिनवायरचा फोन, त्याचं बैठं यंत्र. वायफायच्याच लहरींच्या पट्ट्यात बोलणारा, आणि ठेवलेला कुठे, तर राउटरच्या अगदी पाठीला पाठ लावून. दोन भांडखोर माणसं एका बाकावर बसवावीत तसं. त्याचा हातातला अर्धा भाग कोठीत, रद्दीच्या गठ्ठ्यामागे सापडला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

पण स्टुलावर उभ्या उभ्याच तिला दुसरा प्रश्न पडला. हा फोन लपवायचा कशाला? एक खरं की घर उतारावर, खोलगट जागी होतं. मोबाईलला रेंज यायची नाही. मोबाईलवर बोलायचं तर कोपऱ्यावर जाऊन उभं राहावं लागे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाई. म्हणजे गल्लीला ऐकू जाऊ नये असं काहीतरी होतं. आणि माझा फोन का कापला? तो तर वायफायच्या वाटेतही येत नव्हता!

मग तिला एकदम कळलं, आणि ती स्टुलावरून उतरून खालीच बसली. लाइन एकच होती. ताईच्याच नावावर होती, निवृत्त कर्मचाऱ्याच्या सवलतीत मिळालेली. तिच्यावरच वायफायही चालायचं. एका लाइनीवर दोन फोन असले की एकावरचं बोलणं दुसरा उचलला की ऐकू येतं. भाऊ कोठीत बोलत असताना ताईने चुकून जरी आपला फोन उचलला असता, तर सगळं तिच्या कानात पडलं असतं. म्हणून कात्री. वायफायचं नुसतं निमित्त होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ट्रंकेच्या तळाशी, लोकरीच्या शालीत गुंडाळलेला, खात्याचा तपासणी-फोन होता. लाइनमन लोक खांबावर चढून वापरतात तो: जाड रबरी रिसीव्हर, दोन वायरी, टोकाला दोन चिमटे. लाइनीला चिमटे लावायचे की आतलं ऐकू येतं आणि आतल्याला पत्ता लागत नाही. निवृत्तीच्या दिवशी विभागप्रमुखांनी तो तिच्या पिशवीत घातला आणि तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

हा फोन हातात घ्यायचा तर एक शपथ मोडावी लागणार होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं: लाइन ऐकायची, बोलणं ऐकायचं नाही. छत्तीस वर्षांत तिने कोणाचं बोलणं ऐकलं नव्हतं. लोकांची भांडणं, प्रेमं, मयताच्या बातम्या कानावरून वाहून गेल्या. तिने खरखर तेवढी वेचली. मंगळवारी दुपारी तीन-दहाला ती अंगणात, मागच्या भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपाशी उभी राहिली, मनातल्या मनात खात्याची माफी मागितली आणि चिमटे लावले.

"मुखत्यारपत्रावर तुमच्या बहिणीची सही आहे, ते ठीक," एक जड, सावकाश आवाज म्हणत होता. वकिली आवाज. "पण निम्मा हिस्सा त्यांचा आहे. घर विकायला त्यांची संमती मला त्यांच्या तोंडून हवी. शनिवारी अकराला व्हिडिओवर भेटू. घर घेणारेही असतील."

"तोंडून जरा अवघड आहे हो साहेब." हा भाऊ. "तिला ऐकूच येत नाही. ठार बहिरी. शिवाय डोकंही आता… काही कळत नाही तिला फारसं. मी विचारीन, ती मान डोलवेल. चालेल ना?"

"आणि घर गेल्यावर त्या राहणार कुठे?"

"सोय केलीय ना. गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे. चौघीत एक खोली. तिला काय, कुठेही ठेवली तरी कळायचं नाही."

ताईचा हात रिसीव्हरवर घट्ट झाला. सही! दोन महिन्यांपूर्वी भाऊ एक कागद घेऊन आला होता, इंटरनेटच्या सवलतीचा म्हणून. तिचा चष्मा स्वयंपाकघरात होता. "अगं, मीच आहे ना, कर सही," असं म्हणाला होता. उभ्या जन्मात तिने न वाचता सही केली ती ही एक, आणि ती या गाढवासाठी केली! शाळेतून घरी आला आणि दाराला कुलूप दिसलं की तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्या ऑफिसात फोन लावायचा. "ताई, ऐकू येतंय?" असं विचारायचा. ती म्हणायची, "लाइन स्वच्छ आहे, बोल." आणि तोच आज म्हणतो ठार बहिरी. तिला रडू फुटलं, पण तिने पदर तोंडात धरला आणि चिमटे धरून उभी राहिली.

वकिलाने फोन ठेवला. ताई चिमटे काढणार, तेवढ्यात कोठीची कडी वाजली. कोठीचा झरोका बरोबर तिच्या डोक्यावर होता, त्यामुळे पुढचं ऐकायला कुठलं यंत्र लागलं नाही.

"वकिलाने घर हा शब्द काढला म्हणजे?" भावजयीचा आवाज. "वन्संना ऐकू जाईल की!"

"म्हणून तर सांगतो. मी खोकलो की तू हा फोन उचल आणि तुझ्या बहिणीला लाव. बघतेयस ना रोज, लगेच नेट अडकतं. आवाज तुटतो, चित्र अडकत अडकत दिसत राहतं. मी ताईला सांगणार की हा इंटरनेट कंपनीचा माणूस आहे, वायफायची तक्रार मिटली का विचारतोय. ती मान डोलवेल. वकिलाला डोलणारी मान दिसली की झालं. आणि पुन्हा खोकलो तरी फोन ठेवू नकोस बरं का, बोलत राहा."

"बोलत राहायचं मला सांगायला नको," भावजय म्हणाली, आणि दोघं हसली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तोही कशाने? तक्रार बंद करायच्या रकान्याने! ताईच्या आयुष्यात जी एक गोष्ट देवाच्या जागी होती, तिलाच वापरून. तिथल्या तिथे कोठीत शिरून दोघांच्या तोंडावर वही फेकावी, असं तिला वाटलं. पण तक्रार विभागात घाईने काही होत नसतं. आधी दोष शोधायचा, मग दुरुस्ती, मग खात्री. आणि ही दुरुस्ती तिला सगळ्यांच्या देखत करायची होती.

शुक्रवारी दोघं फ्लॅटवाल्याकडे गेली. ताईने राउटर खाली काढला. त्याच्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड घातला, टॅबवर त्याची पानं उघडली, आणि जिथे तो भावाच्या फोनच्याच पट्ट्यात बोलत होता, तिथून उचलून त्याला वरच्या, मोकळ्या पट्ट्यावर नेऊन बसवला. नाव तेच ठेवलं, म्हणजे लॅपटॉपला काही कळू नये. माळ्यावरची जागासुद्धा तीच, गोधडीची घडीही तशीच. मग खात्री. कोठीतला फोन उचलून मैत्रिणीला लावला.

"अगं कुठे होतीस?" मैत्रीण ओरडली. "मला वाटलं गेलीस!"

"मी नाही गं जात इतक्यात. तू आता अर्धा तास बोल. काहीही बोल, फक्त थांबू नकोस."

मैत्रिणीने गुडघ्यांपासून सुरुवात केली. ताई कानाला फोन लावून टॅबवर भावजयीची मालिका बघत राहिली. अर्धा तास झाला, नायिका तीनदा रडली, दोनदा बेशुद्ध पडली, पण एकदाही अडकली नाही. ताईने वहीत लिहिलं: दुरुस्ती झाली. 'तक्रार बंद' कोरंच ठेवलं.

शनिवारी भाऊ इतका गोड झाला की बघवेना. "ताई, ही नवी साडी नेस ना. इंटरनेटवाल्यांचे साहेब व्हिडिओवर येणार आहेत. तुझ्या नावावर कनेक्शन, म्हणून तुलाच विचारणार. तक्रार मिटली का, एवढंच. तू फक्त मान डोलव, बोलायची तसदी घेऊ नकोस."

"बरं बाबा," ताई म्हणाली. वही तिने मांडीवर, पदराखाली घेतली.

अकराला लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत वकील, पांढऱ्या मिशा, मागे कपाट. दुसरीत घर घेणारं नवरा-बायकोचं जोडपं, तरुण, जरा घाबरलेलं. चित्र आरशासारखं स्वच्छ. एवढं स्वच्छ बघून भाऊही क्षणभर चपापला. भावजय "मी जरा आत जाते" म्हणत कोठीकडे सरकली.

"नमस्कार बाई," वकील म्हणाले. "ऐकू येतंय का तुम्हाला?"

"तिला नाही हो येत," भाऊ घाईने म्हणाला. "मी सांगतो तिला."

"मग विचारा त्यांना. हे घर—"

भाऊ खोकला.

कोठीत फोन उचलल्याचं ताईने ऐकलं. बटणं दाबल्याचं ऐकलं. भावजय बहिणीला "हं, काय चाललंय?" म्हणाली, तेही ऐकलं. पडद्यावर वकिलांच्या मिशा हलत राहिल्या.

"—हे घर विकायला त्यांची राजीखुशीने संमती आहे का?" शब्द न् शब्द, टाचणी पडल्यासारखा.

भाऊ पुन्हा खोकला. मोठ्याने. पडद्यावरच्या बाईने काळजीने कपाळाला आठ्या घातल्या. तो आणखी खोकला, टेबल धरून खोकला, चेहरा लाल झाला, टक्कल लाल झालं. आतून भावजयीच्या गप्पा रंगल्याचा आवाज येत होता. ताई उठली, भांड्यात पाणी ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"पी," ती म्हणाली. "खोकून काही होणार नाही आता. मी पट्टा बदललाय."

मग ती पडद्याकडे वळली आणि तिने छत्तीस वर्षांचा आवाज काढला. स्पष्ट, तुटक, गोड नाही आणि कडूही नाही. "नमस्कार. मला तुमचा आवाज स्वच्छ येतोय. माझा तुम्हाला येतोय ना?"

वकील खुर्चीत पुढे आले. "येतोय. पण तुम्हाला ऐकू येत नाही असं—"

"मला ऐकू येतं, साहेब. फार येतं. कागदावरची सही माझी आहे. पण कागद इंटरनेटच्या सवलतीचा म्हणून पुढे केला होता आणि माझा चष्मा स्वयंपाकघरात होता. आत्ता या क्षणीसुद्धा मला असं सांगितलंय की तुम्ही इंटरनेट कंपनीचे साहेब आहात. घर विकायला माझी संमती नाही. काल नव्हती, आज नाही, उद्या नसेल. मागची खोली माझी आहे आणि मी तिथेच राहणार. चौघीत एक नव्हे."

भावाने लॅपटॉपकडे हात नेला. ताईने वही त्या हातावर ठेवली. मारली नाही, ठेवली. तरी हात मागे गेला.

"थांब. साहेबांना नोंदी वाचून दाखवते." आणि तिने वाचल्या. तारीख, वेळ, लक्षण, कारण. बुधवार, तीन-दहा. गुरुवार, अकरा-वीस. कारण, कोठीतला लपवलेला फोन. "ह्या वेळा तुमच्याशी बोलण्याच्या आहेत का, ते तुमच्याकडच्या नोंदीत बघून घ्या."

वकिलांनी कपाटाकडे न बघताच होकाराची मान हलवली. "हे मुखत्यारपत्र माझ्यापुरतं संपलं," ते भावाला म्हणाले. "आणि तुम्ही मला जे सांगितलंत, त्याबद्दल तुम्हाला वेगळं पत्र येईल." घर घेणारी ती तरुण बाई म्हणाली, "माफ करा हं, काकू, आम्हाला खरंच माहीत नव्हतं." ताई तिला म्हणाली, "तुझा काही दोष नाही, बाळ." मग दोन्ही चौकटी मिटल्या.

कोठीतून भावजय बाहेर आली, कानाला फोन तसाच. तिने नवऱ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि फोनवर हात ठेवून हळूच विचारलं, "झालं का?"

"झालं," ताई म्हणाली. "बहिणीला नमस्कार सांग."

आता तुम्ही म्हणाल, झालं, जिंकली, सोडून द्यावं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेजारच्या आजोबांनीही तेच सांगितलं. पण ताईला सोडायचं नव्हतं. तिला चांगलं वागून मोठं व्हायचं नव्हतं; तिला त्याला रडवायचं होतं, आणि हे तिने मैत्रिणीला स्वच्छ शब्दांत सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "रडव. मी आहे."

त्याच दुपारी ताईने भावाच्या कपाटातून आपला फोन परत आणला आणि कापलेली वायर सोलून, पीळ देऊन, पट्टी गुंडाळून जोडली. राउटर माळ्यावरून उतरवून आपल्या खोलीत ठेवला आणि पासवर्ड बदलला. लाइन तिच्या नावावर, राउटर तिच्या खोलीत. भाऊ विम्याचे दावे तपासणार कुठून? रविवारी तो रुसून बसला. सोमवारी लॅपटॉप पोटाशी धरून कोपऱ्यावर मोबाईलच्या रेंजमध्ये उभा राहिला, उन्हात, आणि गल्लीने त्याच्या साहेबाच्या शिव्या ऐकल्या. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला तो अंगणातून फिरून ताईच्या दाराशी आला. आतल्या दाराला तिने कडी लावलेली होती.

ताई पायरीच्या आत खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर वही, हातात पेन.

"ताई, पासवर्ड दे ना."

"तक्रार काय?"

"अगं, तक्रार कसली… ताई, माझं जरा…" तो पुटपुटला.

"काय?" ताईने कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल, बाबा. मी ठार बहिरी."

त्याने आजूबाजूला बघितलं. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी बादलीत नळ वाहत होता, तो बंद झाला.

"ताई, माझं चुकलं."

"आवाज तुटतोय."

"माझं चुकलं!"

शेजारची खिडकी उघडली. मग समोरची. आजोबा गच्चीच्या कठड्याशी आले. भाऊ खाली मान घालून उभा होता, आणि ताईला त्याच्या घशातला आवंढासुद्धा ऐकू येत होता, पायाखालची वाळू हलल्याचं ऐकू येत होतं, त्याचा श्वास रडण्याच्या आधी कसा अडखळतो ते ऐकू येत होतं. तो अगदी तसाच अडखळत होता, दुकानातून फोन करायचा तेव्हासारखा.

"ताई," तो ओरडला, आवाज पार फाटला, "मी तुला फसवलं! तुझी खोली विकायला निघालो होतो! माझं चुकलं, ताई! आता तरी ऐकू येतंय?"

 ताईने पदराने डोळे पुसले, घाई न करता. मग वहीत लिहिलं: मंगळवार, तीन-दहा. लक्षण लिहिलं. कारण लिहिलं. 'तक्रार बंद' या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं, आणि तिने वही मिटली.

"थोडं थोडं येतंय," ती म्हणाली. "पण अजून स्वच्छ नाही. उद्या तीन-दहाला परत ये, छोट्या. परवाही ये. रविवारी सुट्टी."